पेलेवाले मिस्त्री

साकीनाक्यावरच्या सगळ्या गॅरेजवाल्यांत हे एकच मिस्त्री असे होते, की बिघडलेली गाडी समोर आली तरी पाना उचलायचे नाहीत. पेला उचलायचे. स्टीलचा, एका कडेला चेपलेला; चहा प्यायचाही तोच. त्यात तीन बोटं पाणी भरून तो चालू इंजिनवर ठेवायचे आणि पाण्याकडे बघत बसायचे. टेम्पोवाले त्यांना पेलेवाला म्हणत. आम्ही वयाचा मान ठेवून पेलेवाले मिस्त्री म्हणायचो.

मला पहिल्याच भेटीत त्यांचा राग आला. तेव्हा मला सगळ्यांचाच राग यायचा. वय बावीस, खांद्याला झोळी, झोळीत पत्रकं. मरोळला कारखान्यांना हवं तेवढं पाणी आणि पाठीमागच्या वस्तीला एक नळ नाही, हे आम्ही पत्रकांतून ठणकावून लिहायचो. लिहून भागेना, तेव्हा आमच्या समितीने एक जुनी डिझेल व्हॅन मिळवून तिच्यात दवाखाना काढला. आठवड्यातून तीन सकाळी डॉक्टरीणबाई यायच्या. वस्तीत वीज नव्हती. दिवा आणि पंखा गाडीवरच चालायचा, त्यामुळे बाई पेशंट तपासत तोवर इंजिन जागच्या जागी चालू ठेवावं लागे.

व्हॅन चालवायचे खारदांड्याचे भास्करकाका. अबोल माणूस. डिझेल लवकर संपतं, अशी कुणकुण समितीत सुरू झाली आणि बोट त्यांच्याकडे वळलं. मला पुरावा लागला नाही. मी डिझेलच्या टाकीला कुलपाचं झाकण बसवून घेतलं आणि किल्ली झोळीत टाकली. भास्करकाका काही बोलले नाहीत. गप्प बसतो तो गुन्हेगार, असं मला तेव्हा वाटायचं.

पुढच्याच आठवड्यापासून व्हॅन दगा देऊ लागली. सकाळी झकास सुरू व्हायची. वस्तीत तासभर उभी राहिली की इंजिनाचा आवाज वरखाली व्हायचा, दिवा मिचमिचायचा. भास्करकाका अॅक्सिलरेटर दाबायचे तर गाडी उठायची नाही. मग मध्येच एकदम घोंघावायची. शेवटी बंद. अर्ध्या तासाने परत सुरू, जसं काही झालंच नव्हतं. एकदा एका बाळाला लस टोचत असताना दिवा गेला आणि डॉक्टरीणबाईंनी सुई तशीच हातात धरून माझ्याकडे पाहिलं. मी भास्करकाकांकडे पाहिलं.

माझा हिशेब सरळ होता: चोरी करता येईना, म्हणून हा माणूस सूड उगवतोय. मी नोटीस लिहिली. ‘लोकांच्या आरोग्याशी खेळ’ हे शब्द तिच्यात दोनदा होते. शनिवारी दुपारी समितीपुढे ती वाचायची आणि भास्करकाकांना काढायचं, एवढंच बाकी होतं. घरी तीन मुलं, बायको दम्याने आजारी, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही लिहिली, हेही इथे लिहून ठेवते.

शुक्रवारी भास्करकाका मला म्हणाले, “काढायचं तर काढ. पण गाडी एकदा मिस्त्रींना दाखव.” मी गेले, ती मुख्यतः काकांचा खोटेपणा सिद्ध करायला.

मिस्त्री मूळचे कुडाळकडचे. आयुष्य गिरणीत यंत्रं दुरुस्त करण्यात गेलेलं. संपानंतर गिरणीचं फाटक त्यांच्यासाठी पुन्हा उघडलं नाही, म्हणून ते साकीनाक्यावर एका पुतण्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसू लागले. यावर त्यांच्याकडून एखादं जळजळीत वाक्य मिळालं तर पत्रकात घालावं म्हणून मी पुढे एकदा खूप टोकरलं. म्हणाले, “माग असो नायतर इंजिन, आवाज ऐकूचो लागता,” आणि चहा मागवला.

त्या शुक्रवारी मी त्यांना भडाभडा सगळं सांगितलं. मरोळच्या दुसऱ्या गॅरेजवाल्याने डिझेलचा पंप खोलायला सांगितलाय, हेही सांगितलं. मिस्त्री पेला फडक्याने पुसत होते. त्यांनी एकच विचारलं, “बाय, गाडी बिघडूच्या आदी तुमी तिच्यात काय बदललंत?”

“काही नाही,” मी म्हटलं. आणि मला खरंच तसं वाटत होतं.

तेव्हा ते म्हणाले, उद्या सकाळी मीच तुमच्याबरोबर येतो. जे कधी कधी बिघडतं, ते शेडमध्ये उभं करून सापडत नाही. माझी चिडचिड झाली. सभा दुपारी, आणि हा माणूस पेला घेऊन सहलीला निघालाय.

शनिवारी सकाळी ते दोन सीटांच्या मधे, इंजिनच्या झाकणापाशी बसले. अॅक्सिलरेटरची दांडी जिथे टेकते तिथे त्यांनी खडूने खूण केली आणि भास्करकाकांना पाय दाबून सोडायला लावलं. दहादा, वीसदा. दांडी दर वेळी खुणेवर परत. “ही जाग्यार येता. तिचो काय दोष नाय,” म्हणाले. मग पेला ठेवला. पाण्यावर बारीक, एकसारखी वर्तुळं उमटत होती.

वस्तीत रांग लागली. डॉक्टरीणबाई कामाला लागल्या. मिस्त्री हलले नाहीत. मी दोनदा घड्याळ दाखवलं तर म्हणाले, “चेडवा, तुका घाई आसा. इंजिनाक नाय.” भास्करकाका पहिल्यांदाच हसले. मला तेही झोंबलं.

तासाभराने पेल्यातलं पाणी डुचमळू लागलं. आवाज वरखाली. दिवा मिचमिचला. मिस्त्री उठले, खाली उतरून टाकीकडे गेले, कुलूप बघितलं आणि माझ्यापुढे हात केला. मी किल्ली दिली. त्यांनी झाकण सैल केलं मात्र, टाकीने लांब, फुस्सकन हवा आत ओढली. पाण्यातून वर आलेल्या माणसासारखी. क्षणभराने इंजिन आपलं आपण सावरलं. दिवा स्थिर झाला.

“ह्या झाकाण कोणी बसवल्यान?”

“मी.”

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. शांतपणे समजावलं: टाकीतून डिझेल जातं, त्याच्या जागी हवा यायला हवी. जुन्या झाकणाला बारीक भोक होतं, याला नाही. टाकी आतून ओढून धरते, इंजिनला पुरेसं मिळत नाही. गाडी बंद राहिली की हवा कुठून कुठून हळूहळू शिरते, म्हणून परत सुरू. “आणि डिझेल लवकर संपता म्हणतस, तर अख्खी सकाळ पंखो कोणाच्या जिवार फिरता?”

हे मला कसं सुचलं नाही? त्या पंख्याखाली तर मीच उभी राहायचे.

मिस्त्रींनी हातड्रिलने झाकणाला सुईएवढं भोक पाडलं. डॉक्टरीणबाईंनी उरलेली रांग संपवली. इंजिन एकदाही अडखळलं नाही. भास्करकाका गाडीच्या दारावर हात ठेवून उभे होते. मी किल्ली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती गाडीतल्या खिळ्याला अडकवली, सगळ्यांना दिसेल अशी.

दुपारी सभेत मी नोटीस वाचली. पूर्ण वाचली, ‘लोकांच्या आरोग्याशी खेळ’ दोन्ही वेळा. मग म्हटलं, हा खेळ मी केला, आणि झाकणाची गोष्ट सांगितली. कुणकुण सुरू करणारे दोघे डोक्यावरच्या पंख्याकडे बघत बसले. भास्करकाका राहिले. अजून आहेत.

पत्रकं मी अजून लिहिते. नळाची लढाई संपलेली नाही आणि माझा आवाजही उतरलेला नाही. पण एखाद्याचं नाव लिहायच्या आधी मी त्याच्याबरोबर एक सकाळ बसते. समितीत मला त्यावरून चिडवतात. खुशाल चिडवा.

गेल्या वर्षी मिस्त्री कायमचे गावी निघाले. बोरिवलीच्या एसटी स्टँडपर्यंत त्यांना आम्ही व्हॅनमधूनच सोडलं. भास्करकाका चालवत होते. मिस्त्रींनी सवयीने पेला भरून इंजिनच्या झाकणावर ठेवला आणि वाटभर त्याच्याकडे बघत राहिले. स्टँड आला तरी इंजिन चालूच होतं, पाण्यावर तीच बारीक वर्तुळं. मिस्त्रींनी पेला उचलला, ते पाणी पिऊन टाकलं आणि पेला पिशवीत घातला.

“आता बघूचा काय नाय,” म्हणाले, आणि उतरले.