कप्तानाचा सोमवार

अख्ख्या मालवण किनाऱ्यावर माशाच्या पोटाची काळजी करणारा माणूस एकच होऊन गेला, आणि तो माझ्या मावशीचा नवरा होता. बाकीचे आम्ही सगळे आपल्या पोटातल्या माशाची काळजी करणारे. बाजारात बांगडा कसा आला, सुरमईचा तुकडा केवढा झाला, यापलीकडे माशाच्या खाजगी आयुष्यात कुणी कधी डोकावलं नव्हतं. काकांनी मात्र ओसरीवरच्या खिडकीशी काचेची पेटी मांडली होती, तीत दोन तांबडे मासे सोडले होते, आणि ते मासे जेवले का, जेवलेलं पचलं का, हे पाहण्यात त्यांचा दिवस जात असे. मी तेव्हा त्यांच्याकडेच राहायचो; सकाळी पोस्टात कामावर निघालो की काका पेटीला नाक लावून बसलेले दिसत. "काय काका, बरे आसत मां?" असं विचारलं तर मला वाटायचं मी त्यांची विचारपूस करतोय, ते माशांचं सांगायचे, "मालम बरो आसा. कप्तान काल जरा रुसलेलो."

काका परदेशी जाणाऱ्या बोटीवर बटलर होते. वर्षातले बरेच महिने पाण्यावर आणि उरलेले मालवणात. त्यांची एकुलती एक मुलगी बायो, पाच-सहा वर्षांची. ती बापाशिवाय कुणाच्या हातून धड जेवायची नाही. काका घरी असले की "ह्यो कप्तानाचो घास, ह्यो मालमाचो घास" असं बोटीवरच्या साहेबांच्या नावाने एकेक घास तिच्या तोंडात जायचा. शेवटच्या खेपेला निघताना तिने त्यांना बजावलं होतं, "बाबा, माका सोन्याचो मासो घेवन ये." काकांनी मुंबईच्या बाजारातून तो आणला. एकट्याला करमणार नाही म्हणून दोन आणले. काचेची बरणी मांडीवर धरून ते किनाऱ्याच्या बोटीने आले, बोटीतून छोट्या पडावात उतरले, आणि पडावातल्या बायका हसून हसून बेजार झाल्या. "बघा गो, मालवणात मासे घेवन इलो!" काकाही हसले. धक्क्यावर उतरेपर्यंत त्यांना कुणी काही सांगितलं नाही. सांगणार तरी कोण आणि कसं? बायोला जाऊन तेव्हा आठवडा झाला होता. पोटात जंतांचा गोळा झाला, डॉक्टरकडे न्यायला उशीर झाला, एवढंच कारण. भर समुद्रात असलेल्या माणसाला ते कोण कळवणार? काका बरणी घेऊन दारात उभे राहिले, आणि मावशीने त्यांच्या हातातली बरणी घेऊन खाली ठेवली.

ते पुन्हा बोटीवर गेले नाहीत. मासे राहिले. एकाचं नाव कप्तान, दुसऱ्याचं मालम.

हे सगळं ठाऊक असूनही आम्ही काकांना हसायचो, कारण हसू येऊ नये असं ते वागतच नसत. माशांना खायला घालताना ते बोटीवरचा पांढरा कोट घालत. पितळी बटणं गळ्यापर्यंत लावून, सुक्या जवळ्याची पूड बशीत घेऊन, कमरेत किंचित वाकून ते पेटीपाशी उभे राहत. पहिली चिमूट कप्तानाला, मग मालमाला. मालम मध्ये घुसला तर बोटाने काचेवर टकटक करून त्याला मागे सारत, "लायनीत रव रे!" घरच्या विहिरीचं पाणी मचूळ, म्हणून त्यांच्यासाठी दुसऱ्या वाडीतल्या विहिरीवरून पाणी आणत. आम्ही मात्र मचूळ पाण्याचाच चहा प्यायचो. मी एकदा तक्रार केली, तर काका म्हणाले, "तू पाण्यात रवतंस काय? मगे?"

आणि तो पंचा! काका मासे खात नसत असं मुळीच नाही. चांगले चवीने खात, काटेसुद्धा चोखून ठेवत. पण जेवायची पानं ओसरीवरच मांडली जात आणि समोर ती पेटी. तेव्हा पान वाढलं की काका उठत, खांद्यावरचा पंचा पेटीवर नीट पसरत, चारी बाजूंनी काच झाकली गेली ना ते पाहत आणि मग आमटीला हात लावत. कारण विचारलं तर हळू आवाजात सांगत, "तेंच्या देखत बरा दिसत नाय." एकदा पाहुण्यांच्या गडबडीत पंचा घालायचा राहिला. ते ध्यानात आलं तेव्हा काकांच्या हातात तळलेला बांगडा होता. त्यांनी तो पानाखाली लपवला.

मावशी त्या पेटीकडे कधी बघत नसे. ओसरी सारवताना पेटीखालची जागा तेवढी सोडून द्यायची. ती काकांनी सारवायची. तिचं दैवत म्हणजे सोमवार. बायो आजारी पडली तेव्हा तिने सोमवार धरला होता, आणि बायो गेल्यावरही सोडला नाही. रविवारी संध्याकाळीच मासळीची भांडी मागीलदारी जात, पाटा-वरवंटा घासून लख्ख होई, आणि सोमवारी घरात माशाचा वाससुद्धा चालत नसे. जवळ्याची पूड म्हणजे वासच वास. तेव्हा कप्तान आणि मालम यांनाही सोमवारचा कडकडीत उपास. आमच्या साऱ्या मेढा वाडीत याची थट्टा व्हायची. "काय हो, तुमच्या माशांनी संध्याकाळी उपास सोडलो काय?" लोक विचारत. काका गंभीरपणे म्हणत, "नाय, ते दुसऱ्या दिवशी सोडतत." दोघं नवरा-बायको एकमेकांशी वाईट वागत नव्हती, पण बायोचं नाव घेत नव्हती. आणि 'जंत' हा शब्द तर त्या घरात कुणीच उच्चारत नसे. शेजारणीने एकदा आपल्या मुलाचं पोट दाखवून तो उच्चारला, तर मावशी चुलीवरचं दूध तसंच टाकून मागीलदारी निघून गेली होती.

अशा घरात एका वर्षी, पावसाळा सरता सरता, मालम खंगायला लागला. खायचा भरपूर, पण पाठ धारेसारखी होत चालली आणि पोट मात्र फुगलेलं. शेपटीपाशी पांढरा दोरा लोंबत राहायचा. काकांनी पाणी बदललं, पेटीतली वाळू काढून मावशीच्या पेजेच्या टोपात उकळली (त्यावरून जो गहजब झाला तो वेगळाच), पण एका सकाळी मालम उलटा तरंगत होता. काकांनी तो बशीत घेतला. दाढीच्या पात्याने त्याचं पोट फाडलं आणि बराच वेळ बघत बसले. मी जवळ गेलो. आतड्यात सुतासारखे बारीक किडे गच्च भरलेले होते.

"जंत," काका म्हणाले.

स्वयंपाकघरातला मावशीच्या काकणांचा आवाज थांबला. काकांनी बशीवर पंचा टाकला. कप्तानाच्याही शेपटीला तसाच दोरा दिसू लागला होता.

मग काकांचं जे सुरू झालं त्याला वेड म्हणावं की काय म्हणावं, मला अजून ठरवता येत नाही. बरणीत कप्तानाला घेऊन ते एस.टी.ने सावंतवाडीला गुरांच्या डॉक्टरकडे गेले. मी सोबतीला होतो. घाटावरून आलेला तो तरुण डॉक्टर बरणीकडे बघून म्हणाला, "अहो, माझ्याकडे म्हशीचा डोस आहे. म्हैस आणि मासा यांत 'म' सोडला तर काय सारखं आहे?" काका शांतपणे म्हणाले, "जंत सारखे आहेत." कचेरीत गेल्यावर येते तशी शुद्ध भाषा त्यांच्या तोंडी आली होती. डॉक्टर हसायचा थांबला. त्याने वावडिंग द्यायला सांगितलं. पोरांना देतात तेच, अगदी चिमूटभर.

पहिल्यांदा काकांनी वावडिंगाची पूड पाण्यात टाकली. पाणी चहासारखं झालं, कप्तान त्यात हिंडत राहिला, दोरा काही जाईना. "पाण्यात टाकून काय उपयोग? जंत तेच्या पोटात आसत. औषध तोंडातसून जावक व्हया," असं स्वतःशीच म्हणत काकांनी पाणी बदललं. रोज सकाळी रबराची नळी तोंडाने ओढून ते तळातली घाण काढत, कारण तीच पुन्हा कप्तानाच्या तोंडात गेली तर सगळं मुसळ केरात. एकदोनदा ती घाण त्यांच्याच तोंडात आली. थुंकून म्हणाले, "माका जंत झाले तरी चलतीत. तेका नको."

पण खरा प्रश्न पुढेच होता. जवळ्याच्या पुडीत वावडिंग मळून काकांनी बारीक गोळ्या केल्या. पांढरा कोट घालून, वाकून, एक गोळी सोडली. कप्तानाने ती तोंडात घेतली, दोनदा चावली आणि फू करून बाहेर टाकली. काकांनी दुसरी दिली. तीही थुंकली. गूळ लावून दिली, ती थुंकली. "ह्यो कप्तानाचो घास," काका काचेला तोंड लावून कुजबुजले. उपाशी ठेवला तर खाईल म्हणून दोन दिवस काही घातलं नाही. भुकेने तो गोळीवर झडप घालायचा आणि तेवढ्याच जोरात थुंकायचा. सोमवारी दुपारी त्याच्या पाठीचं हाड दिसायला लागलं होतं. काका पेटीसमोर गोळ्यांची झाकलेली बशी घेऊन मंगळवारची वाट बघत बसले होते, आणि मावशी दारात येऊन उभी राहिली. ती पेटीकडे बघत होती. मी तिला असं बघताना प्रथमच पाहत होतो.

"अशीच थुकी ती," मावशी म्हणाली.

काकांनी मान वळवली नाही.

"वावडिंगाचो काढो करून हातात धरून बसा मी. तोंडात घाला, की थुकी. नाक धरला, तरी थुकी. बाबाच्या हातान घेयन, म्हणा ती. बाबा खंय होते? तुमका वाटता मी दिलंयच नाय. आता कळला कसा थुकतत ता?"

"माका तसा कधी वाटला नाय गो," काका म्हणाले.

"मगे बोलल्यात कित्या नाय इतकी वर्सा?"

काकांनी बशीवरचं झाकण नीट केलं. म्हणाले, "उद्या बघूया. आज सोमवार."

"उद्या नको," मावशी म्हणाली. "तेव्हाय मी उद्याच म्हटलंय."

आणि ती सरळ अंगणात गेली. वाटेवरून मासेवाली पाटी घेऊन चालली होती. सोमवारी ती आमच्या घराकडे वळतसुद्धा नसे. मावशीने तिला हाक मारली.

"सुंगटां आसत?"

"वयनी, आज सोमवार!" मासेवाली घाबरूनच म्हणाली.

"माका ठावक आसा. घाल मूठभर."

मावशीने ती ताजी सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलली आणि घासून लख्ख ठेवलेल्या सोमवारच्या पाट्यावर वाटली. मी आणि काका स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून नुसते बघत होतो. त्या चिकट गोळ्यात तिने मोदकात सारण भरावं तशी वावडिंगाची पूड भरली आणि वरून तोंड मिटवलं. मोहरीएवढा मोदक. बाहेर येऊन तिने काकांना बाजूला सारलं आणि स्वतःच्या हाताने तो पाण्यात सोडला.

कप्तानाने तो तोंडात घेतला. चावला. आम्ही तिघं वाट बघत राहिलो. तो पेटीच्या टोकापर्यंत गेला, वळला, परत आला. त्याच्या तोंडातून काही बाहेर पडलं नाही.

"गिळला," मावशी म्हणाली. मग ती तिथेच, तिने स्वतः कधी न सारवलेल्या जमिनीवर बसली आणि मोठ्याने रडली. "माका तेव्हा सुचला नाय हो," एवढंच ती पुनःपुन्हा म्हणत होती. काका तिच्या शेजारी बसले. कोटाच्या बाहीने त्यांनी तिचं तोंड पुसलं, तसे ते बायोचं पुसत असत. "माकाय खंय सुचला होता," ते म्हणाले. मी पोस्टात काही काम असल्यासारखा बाहेर पडलो.

चारसहा दिवसांत दोरा गेला, आणि दिवाळीपर्यंत कप्तानाच्या पाठीवर पुन्हा मांस चढलं. तो पुढे बरीच वर्षं जगला. मावशीने त्यानंतर सोमवार धरला नाही. मोडला तो मोडला, म्हणायची. गंमत काकांची झाली. जन्मभर बोटीवर कुठल्याही वारी काहीही खाल्लेला हा माणूस पुढच्याच सोमवारी वरणभाताला बसला. आम्ही दोघं समोर सुरमई खातोय आणि काका वरणात लिंबू पिळतायत. मी चेष्टा केली तेव्हा म्हणाले, "तिचो मोडलो तो कोणीतरी धरूक नको?" नाकपुड्या मात्र तळणीच्या दिशेने फुललेल्या असत.

मधे माझी बदली झाली. कप्तान गेला, त्यानंतर दोनेक वर्षांनी काकाही गेले. मी मावशीला भेटायला गेलो तेव्हा ओसरी तशीच होती. खिडकीशी पेटी होती. तीत पाणी नव्हतं, तळाशी थोडी वाळू होती. वार सोमवार होता. मावशीने दोन पानं मांडली, गरम भात वाढला, तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी वाढली. मी हात घालणार एवढ्यात म्हणाली, "थांब रे जरा."

ती उठली. खुंटीवरचा काकांचा पंचा घेतला आणि रिकाम्या पेटीवर पसरला. चारी बाजूंनी काच झाकली गेली ना ते पाहिलं. मग पानावर येऊन बसली आणि म्हणाली, "जेव आता."