हजेरीतली मोकळी जागा

उसाच्या फडात मोबाईलला रेंज नसते. कालव्याच्या भरावावर चढून हात वर धरला तर येते, तीही वाऱ्यासारखी. काही आठवड्यांपूर्वी पाण्याला गेले तेव्हा गावच्या शाळेच्या ग्रुपवर सुषमा मॅडमचा फोटो आलेला दिसला. आधी नुसता धूसर, हार घातल्यासारखा. मला वाटलं, नोकरी लागली, सत्कार झाला. हंडा खाली ठेवून मी हसलेसुद्धा... मग फोटो नीट उघडला. हार गळ्यात नव्हता, चौकटीला होता. संध्याकाळी नगरहून स्कूटीवरून पारनेरला घरी चालल्या होत्या, वाटेत उसाची ट्रॉली उभी होती, मागं दिवा नव्हता. एवढंच कळलं. ऊस कुणी तोडला होता, कुठल्या फडातला होता, हे कुणाला विचारणार? पण त्या दिवसापासून आमची ट्रॉली भरली की मी मागं जाऊन बघते आणि लाल लुगड्याची चिंधी बांधते. ड्रायव्हर चिडवतो, "वैनी, आरटीओत लागलात का काय?" मी गाठ ओढून बघते.

आम्ही पाथर्डी तालुक्यातले. दसरा झाला की कोयता घेऊन निघायचं, यंदा पार बेळगावच्या पुढं आलोय. माझी शाळा सातवीत सुटली, ती अशाच एका फडावर मोळ्या बांधता बांधता. म्हणून माझी काजल चौथीत गेली तेव्हापासून मी तिची वर्षं बोटांवर मोजते. गेल्या पावसाळ्यात मी शाळेत खिचडी शिजवायला होते, तेव्हा मॅडम आल्या. त्या अजून पक्क्या मास्तरीण झालेल्या नव्हत्या, शिकत होत्या. नगरच्या कॉलेजातून त्यांना सरावासाठी आमच्या शाळेत धाडलं होतं. शाळेत एक मोठा टीव्ही होता, इंटरनेटवरचे धडे दाखवायचा, पण त्याच्यावर कायम चादर. मॅडमना त्याच टीव्हीवर पाठ घेऊन दाखवायचा होता. रोज दुपारी पोरं जेवायला बसली की त्या एकट्याच रिमोट घेऊन त्याच्यापुढं उभ्या राहायच्या, जशी एखादी नवी सून सासूपुढं उभी राहते. पाठाच्या दिवशी कॉलेजचे सर मागं येऊन बसले आणि टीव्ही अडकला. नुसतं गोल चक्कर फिरायला लागलं. वर्ग गप्प झाला, मॅडम रिमोटची बटणं दाबत राहिल्या. तेवढ्यात एक पोरगं म्हणालं, "मॅडम, गिरनी चालू झाली, पीठ कवा पडनार?" सगळा वर्ग हसला, सरही हसले. मॅडमही हसल्या, पण नंतर खिचडीच्या खोलीत येऊन रडल्या. "ताई, वर्ग गप्प झाला ना, की मला भीती वाटते. काहीतरी बोलत राहावंसं वाटतं." मी पाणी दिलं. त्यांनी पाणी पिऊन तोंड धुतलं आणि परत जाऊन पाठ फळ्यावर पुरा केला.

आम्ही निघायच्या आदल्या दिवशी त्या झोपडीवर आल्या. "काजलला नेऊ नका." मी म्हणाले, "ठिवू कुनापाशी, मॅडम? सासूबाई बी आमच्यासंगच येत्यात." त्यांनी माझा नंबर घेतला. पहिल्यांदा त्यांनी व्हिडिओ पाठवला, तो आमच्या मोबाईलवर उघडलाच नाही. मग नुसता आवाज पाठवायला लागल्या, तो भरावावर उतरवून घेऊन मी खोपीत आणायचे. सुरुवातीला हजेरी, मग धडा. शेजारच्या खोपीतली पोरंही येऊन बसायला लागली, तर त्यांचीही नावं मागवून हजेरीत घेतली, जालन्याकडची असली तरी. पण पहिल्या पहिल्या हजेरीत नावं अशी धाडधाड यायची की पोरं 'हजर' म्हणेपर्यंत पुढची दोन नावं झालेली. काजल रडकुंडीला यायची. मीच शेवटी भरावावर जाऊन आवाज भरून पाठवला, "मॅडम, गाडी जरा दमानं घ्या. पोरं मागं ऱ्हात्यात." त्यांचं उत्तर आलं, त्यात आधी हसू होतं. "ताई, मला वाटलं मी गप्प बसले तर तुम्हाला वाटेल मोबाईल बंद पडला. उद्यापासून थांबते."

आणि खरंच थांबायला शिकल्या. एक नाव, मग मोकळी जागा. त्या जागेत त्यांची बांगडी वाजलेली ऐकू यायची, कुठं लांब कोंबडा, कधी त्यांचा श्वास. प्रश्न विचारला तरी तेवढंच थांबायच्या, जशा काही समोर बसून काजलच्या तोंडाकडं बघतायत. वर्ग गप्प झाला की घाबरणारी ती पोर... आमच्या पोरांसाठी रोज गप्प बसायची.

फोटो आला त्यानंतर नवीन धडा येणार नव्हता. काजलनं मोबाईलला हात लावायचं सोडलं. तिचे वडील म्हणाले, "आता कोन शिकवनार हाय तिला? चार मोळ्या बांधू दी. तेवढाच हातभार." ते वाईट मनाचे नाहीत, दमलेले आहेत. मी भांडले नाही, मला भांडायला येत नाही. पण दुसऱ्या दिवशी काजलनं पहिली मोळी बांधली ती अगदी बरोबर बांधली. माझीही पहिली अशीच चांगली जमली होती. सगळ्यांनी शाबासकी दिली होती.

त्या संध्याकाळी भाकरी टाकताना मीच मॅडमची जुनी हजेरी लावली. शेजारची पोरं आली, काजल पाठ फिरवून बसली. नावं येत गेली, पोरं 'हजर' म्हणत गेली. मग मॅडम म्हणाल्या, "काजल..." आणि थांबल्या. ती मोकळी जागा तशीच राहिली, बांगडी वाजली, आणि मला ते सोसवेना. पिठाचा हात तसाच, चुलीपाशी बसून मीच म्हणाले, "हजर."

काजल गर्रकन वळली. "आई, तू कशाला म्हनतीस? मी हाय ना!"

तोवर पुढचं नाव गेलं होतं. तिनं पुढं येऊन मोबाईल घेतला, हजेरी परत पहिल्यापासून लावली. यंदा तिला परत शाळेत बसवता येईल का, पुढच्या दसऱ्याला काय होईल, मला ठाऊक नाही. हा मोबाईलही जुना आहे, मधेच अडकतो, कधी सगळं पुसून टाकेल याची मला धास्ती वाटते. पण आता रोज भाकऱ्यांच्या वेळी खोपीत हजेरी होते. नाव येतं. मॅडम थांबतात. काजल म्हणते, "हजर, मॅडम," आणि मग मॅडम पुढचं नाव घेतात.