दुरडीतला उजेड

“इथं ओवासुद्धा जगंना गं, अक्का. मग मी तरी काय करू राहून?”

आई नांदेडच्या मावशीशी फोनवर बोलत होती. मी ऑफिसातून येऊन दारात चप्पल काढत होते. तिला चाहूल लागली नव्हती. “संक्रांत झाली की येते तिकडंच,” ती म्हणाली. मी चप्पल जरा जोरात आपटली. तिनं फोन ठेवला आणि विचारलं, “चहा टाकू?”

“टाक,” मी म्हटलं. तो विषय तिथंच राहिला. आमच्याकडे विषय असेच राहतात.

बाबा गेल्यावर नांदेडचं भाड्याचं घर सोडून ती लातूरला माझ्याकडे आली, तेव्हा गच्चीवरच्या साऱ्या कुंड्या वाटून टाकल्या आणि दोनच आणल्या. एक मोगरा, एक ओवा. एसटीत त्या दोन्ही पायांत धरून बसली होती. माझं घर तळमजल्यावर. एका खिडकीत घरमालकांचा कूलर, भोवतालच्या फटींना प्लायवूड ठोकलेलं. उन्हाळा संपला तरी तो कुणी काढत नाही. दुसरी खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत. बाहेर ओट्यावर कुंड्या ठेवून पाहिल्या, तर गल्लीतल्या शेळ्यांनी मोगऱ्याचा शेंडा खाल्ला. शेवटी कुंड्या आत आल्या. ओवा काडी खुपसली तरी फुटतो म्हणतात. आमचा लांबुडका, फिकट होऊन जमिनीकडे वाकला. पान चुरगाळलं तरी धड वास येईना.

‘जाऊ नको’ म्हणायला मला जमलं नाही. शाळेत सॉरी, थँक्यू, प्लीज सगळं इंग्रजीत शिकले. घरात त्यांची गरज पडत नसे, आणि मराठीतलं तसलं काही कधी तोंडात बसलंच नाही. म्हणून मी कुंड्यांसाठी, उन्हाऐवजी, दिवा करायला घेतला.

आधी जांभळ्या उजेडाची पट्टी मागवली. ती लावल्यावर आईनं दारातून पाहिलं. “वरात निघाली का काय आपल्या घरातून?” ती काढून टाकली. मग साध्या पांढऱ्या एलईडीची पट्टी आणली, ती पडद्याच्या जुन्या ॲल्युमिनियमच्या चॅनेलला चिकटवली, म्हणजे तापणार नाही. ऑफिसात दिवसभर स्क्रीन बघून डोळे दुखायचे, आणि घरी येऊन पुन्हा त्या बारीक तारांना सोल्डरचे डाग द्यायचे. दोनदा बोट भाजलं. उघडी पट्टी डोळ्यांवर यायची, म्हणून बुरुडाकडून बांबूची दुरडी आणली, उलटी करून तिच्या आत चॅनेल बांधला आणि ती कपडे वाळत घालायच्या दांडीला, कुंड्यांच्या वर वीतभर उंचीवर टांगली.

“दुरडीत भाकरी ठेवत्यात का दिवे?” आई म्हणाली. पण बटण दाबल्यावर विणीतून भिंतीभर बारीक जाळी पडली, तेव्हा ती थोडा वेळ तिथं उभी राहिली.

मी संध्याकाळी आल्यावर दिवा लावायची आणि आतल्या खोलीत पडायची. उठून बाहेर आले की दिवा बंद. मला वाटलं, माझंच काम कच्चं. ॲडॅप्टर बदलला, तारा उचकटून पुन्हा जोडल्या. तरी तेच. ओवा आणखी वाकला. आई मावशीशी बोलताना आता आवाज लपवत नव्हती.

एके दिवशी मी पडले नाही, दाराशीच थांबले. आईनं देवापाशी निरांजन लावलं, हात जोडले आणि जाता जाता दुरडीचं बटण बंद केलं.

“तू बंद करतेस?”

“मग? दिवेलागण झाली. झाडं झोपल्यावर त्यांच्या डोळ्यांवर उजेड मारायचा का? झोपलेल्या लेकरावर कुणी बॅटरी धरतं का?”

मला आठवलं. नांदेडला शेजारीण अंधार पडल्यावर तुळशीची पानं मागायला आली, तर आई स्वतःच्या काढ्यासाठी दिवसा तोडून ठेवलेली पानं तिला द्यायची, पण झाडाला हात लावायची नाही.

“मग मला सांगायचं ना.”

“तू लई मन लावून करायलीस. कशाला दुखवायचं म्हटलं.”

“दिवसा मी घरात नसते. माझ्या हातच्या वायरी, तू एकटी…”

“मी काय लहान हाय का?”

दुसऱ्या दिवसापासून अंघोळ झाली की ती दुरडी लावायची आणि निरांजन लावलं की बंद करायची. मोगऱ्यानं काही केलं नाही. ओव्याला मात्र बुडाशी जाड, लवदार पानं आली. एका रविवारी तिनं त्यांची भजी केली. मी खाल्ली, छान झाली म्हणाले, आणि मला वाटलं, आता काही बोलायची गरज नाही.

संक्रांत झाली. मी ऑफिसातून आले तर माळ्यावरची बॅग खाली होती आणि आई त्यात साड्या ठेवत होती. मी पर्स खांद्यावरून न काढता पलंगाच्या कडेवर बसले. फार थकवा आला होता, नुसता त्या दिवसाचा नव्हता.

“मी गेल्यावर सकाळी निघताना तेवढं बटण दाबत जा,” ती साडीची घडी नीट करत म्हणाली. “आणि दिवेलागणीला बंद कर. करशील ना?”

‘हो’ तोंडाशी आलं होतं. नेहमी तेच येतं.

“माझ्याच्यानं नाही व्हायचं, आई,” मी म्हणाले. “तू जाऊ नको.”