आत्याचे दोन गठ्ठे

आत्याच्या निरोपसमारंभात कुलसचिवांनी तिच्या सचोटीवर बारा मिनिटं भाषण केलं. छत्तीस वर्षांत विद्यापीठाच्या प्रवेश विभागातून या बाईंनी एक नाव बाहेर जाऊ दिलं नाही, म्हणाले. टाळ्यांनी सभागृह दणाणलं. मी हात मांडीवर ठेवून बसले होते. शेजारची बाई कौतुकानं म्हणाली, "तुम्ही घरच्या ना? केवढा अभिमान वाटत असेल!" मी म्हटलं, "हो, वाटतो की." खोटं बोलणं आत्यानं मला कधी शिकवलं नाही. ते मी आमच्या दुकानात शिकले.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. मी चार वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून वेण्या घालण्यापासून तापात उशाशी बसण्यापर्यंत माझं सगळं तिनंच केलं. प्रवेश विभागात हेडक्लार्क होती. तळमजल्यावरची लांबट खोली, भिंतीला लोखंडी कपाटं, टेबलावर डिंकाची बाटली आणि सुतळीचं रीळ. पत्र तपासायचं, घडी करून पाकिटात घालायचं, पत्ता पुन्हा वाचायचा, शंभरांचा गठ्ठा बांधायचा. ऑफिसातली टाचणी चुकून कपड्याला लागून घरी आली तर दुसऱ्या दिवशी परत नेणारी बाई ती. बाबा तिला 'कुलूप' म्हणायचे. आमचं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान, त्यामुळे कुलपांची पारख त्यांना होतीच.

प्रवेशाच्या दिवसांत सगळी गल्ली तिच्यावर डोळा ठेवून असायची. ती तोंडातून अवाक्षर काढायची नाही, पण पाय तिचे फितूर होते. ज्या घरातल्या मुलाला प्रवेश मिळणार नसेल, त्या दारावरून ती आठ-पंधरा दिवस जायची नाही, मागच्या गल्लीनं वळसा घालायची. नेहमीच्या वाटेनं गेली की त्या घरात आनंदीआनंद. तिला हे माहीत नव्हतं आणि तिला सांगण्याइतकं कुणी खुळं नव्हतं.

मी अर्ज केला त्याच वर्षी सरकारच्या तिजोरीत खडखडाट झाला. खरेदीवरचा कर वाढवायचा की नाही, यावर राज्यभर लोकांचं मत घ्यायचं ठरलं. विद्यापीठानं जाहीर करून टाकलं, की करवाढ मंजूर झाली तर सगळ्या जागा भरू. नामंजूर झाली तर गुणवत्ता यादीतल्या शेवटच्या तीन हजार मुलांना घेता येणार नाही. ते तीन हजार कोण, हे मात्र सांगितलं नाही. प्रत्येक घराला वाटावं की त्यात आपलंच पोर असेल, असा वरच्यांचा हिशेब. झालं उलटंच. प्रत्येक घराला वाटलं, शेजाऱ्याचं असेल.

प्रवेश विभागाला हुकूम आला, की या तीन हजारांची दोन-दोन पत्रं आत्ताच तयार ठेवा. एकात अभिनंदन, दुसऱ्यात दिलगिरी. निकाल लागला की एक गठ्ठा टपालात जायचा आणि दुसरा फाडायला. आत्यानं महिनाभर त्याच पत्त्यांची पाकिटं दोनदा डकवली. त्यात एक पत्ता आमच्या घराचा होता.

घरात ती अगदी नेहमीसारखी होती. उलट माझ्या बॅगेचा उसवलेला पट्टा तिनं शिवून दिला. तेवढं बाबांना पुरलं.

"बघ," ते मला म्हणाले, "कुलूप कसं निवांत आहे. तू वरच्या यादीत आहेस, लिहून घे."

तरी एकदा त्यांनी जेवताना थेट विचारलंच. "ताई, नावं नको सांगूस. नुसतं एवढंच सांग, मी काळजी करू का?"

"ऑफिसचं ऑफिसात," आत्या म्हणाली आणि त्यांना भात वाढला.

बाबा माझ्याकडे बघून डोळे मिचकावून हसले. दुसऱ्याच्या दारावरून जाणं टाळता येतं, आपल्याच दाराला वळसा कसा घालणार, एवढं त्यांच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. मी तर मैत्रिणींना सांगत सुटले होते.

मग बाबांना जोर चढला. दुकानाच्या शटरवर 'करवाढीला नाही म्हणा' अशी पाटी लागली, तीही दुकानातल्याच लाल ऑइलपेंटनं रंगवलेली. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते ऐकवायचे, "पोरांना पुढे करून पैसे उकळायचे धंदे आहेत हे! आज पोरं पुढे केली, उद्या आजारी माणसं करतील. एकदा झुकलात की गेलात." त्यांचं अगदीच चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. आम्हाला ओलीस धरलं होतं हे खरंच. पण ओलीस धरलेल्याच्या बापानं आधी पोर सोडवून आणावं, भाषणं मागाहून ठोकावीत. अर्थात पोर दुसऱ्याचं असलं की तत्त्वं जपायला सोपी जातात. मला मत देता येत नव्हतं, वय तीन महिन्यांनी कमी होतं. ज्यांच्या जागांवर हा सगळा खेळ चालला होता, त्यांतल्या बहुतेकांची हीच गत होती.

मतदानात करवाढ नामंजूर झाली. आमच्या चौकात पेढीवाल्यापासून सलूनवाल्यापर्यंत सगळे बाबांची पाठ थोपटून गेले. बाबांच्या एकट्याच्या मतानं राज्याचा निकाल फिरला नसता, हे गणित मला येतं. गणितात मला चांगले गुण होते.

चौथ्या दिवशी दुपारी पाकीट आलं. आत्याला ते हातात आणून देता आलं असतं, पण तिनं इतरांसारखंच टपालानं पाठवलं. पोस्टमननं ते दुकानातच दिलं आणि बाबांनी गल्ल्यावर बसूनच फोडलं. "अभिनंदनाचं असणार," असं समोरच्या गिऱ्हाइकाला आधी सांगून मगच. मी रंगाचे डबे लावत होते. त्यांनी ते दोनदा वाचलं, मग माझ्याकडे न बघता घडी घालून खिशात ठेवलं. गिऱ्हाईक ब्रश न घेताच निघून गेलं.

संध्याकाळी आत्या घरी आली, तेव्हा ते पत्र जेवणाच्या टेबलावर होतं.

"तुला माहीत होतं?" बाबांनी विचारलं.

"होतं."

"महिनाभर माझ्यासमोर बसून जेवत होतीस! मी गावभर बोंबलत फिरत होतो, ती पाटी रंगवताना बघत होतीस. एक शब्द बोलायला काय झालं होतं?"

"बोलले असते तर तू पाटी उतरवली असतीस."

"उतरवलीच असती! माझी पोर आहे ती!"

"बाकीच्याही कुणाच्या तरी पोरीच आहेत," आत्या म्हणाली. "त्यांच्यासाठी उतरवली नाहीस. आणि त्यांच्या घरी सांगायला कोण होतं?"

बाबा खुर्चीत बसले आणि हाताला लागलेला रंग नखानं खरवडत राहिले. माझ्या मनात तेवढ्यापुरतं आत्याबद्दल भरून आलं. वाटलं, हिनं एकटीनं केवढं सोसलं असेल. दोन-दोन पाकिटं डकवताना, मतपत्रिकेवर शिक्का मारताना.

"आणि तुझं मत वाया गेलं गं," मी म्हटलं.

आत्यानं पर्स खाली ठेवली. "मी गेलेच नाही मत द्यायला."

"का?"

"घरातलीच पोर यादीत. मी दिलेलं मत स्वच्छ कसं राहिलं असतं?"

ती हे इतक्या साधेपणानं म्हणाली, की तिला मी त्याबद्दल शाबासकी देईन असं वाटत असावं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. याच तोंडानं तिनं मला पाढे शिकवले होते, तापात गाणी म्हटली होती. त्या घरात दोनच मतं होती. एक माझ्याविरुद्ध गेलं आणि दुसरं स्वच्छ राहावं म्हणून घरातच राहिलं.

बाबांवरचा राग वर्षभरात गेला. त्यांनी निदान मत तरी दिलं होतं.