दोर धरणारी ताई

इस्पितळाच्या धुलाईखान्यात बारा वर्षं ताईनं आणि मी एकाच चादरीची टोकं धरून घड्या घातल्या. बोलणं बेताचं, पण हाताला जोर असा की तिनं चादर ताणली की मी अर्धं पाऊल पुढे ओढली जायचे. एवढा जोर कुठून आणतेस, असं विचारलं तर म्हणायची, धाकट्याला धरून ठेवायचं असतं ना.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. लिफ्ट दुरुस्त करायचा. आठवडाभर वर-खाली करून त्याचं मन भरत नसावं. सुट्टी आली की बसनं डोंगरात जायचा आणि तिथल्या एका कातळावर चढायचा. ताई खाली उभी राहून त्याचा दोर सांभाळायची. तिला स्वतःला उंचीचं भय. स्टुलावर चढायचं झालं तरी मला हाक मारायची. पण दोर दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला दोघंही तयार नसत.

मग त्याला रक्ताचा आजार जडला. त्याच्या वॉर्डातल्या चादरी आमच्याकडेच यायच्या. त्या चादरींची गाडी आली की ताई कुणाला हात लावू द्यायची नाही. सहा महिन्यांनी तो गेला. चौथ्या दिवशी ताई कामावर हजर झाली.

दोनेक महिन्यांनी तिनं विचारलं, कातळापाशी येतेस का माझ्याबरोबर? बसनं दोन तास, पुढे अर्धा तास पायवाट. मला वाटलं होतं केवढा कडा असेल. निघाला जेमतेम तीन मजल्यांचा. त्यावर पकड निसटू नये म्हणून खडूची पूड लावलेल्या हातांचे पांढरे ठसे होते. ताई मान वर करून उभी राहिली.

तिथे दोन तरुण चढायला आले होते. त्यांतल्या एकानं तिला ओळखलं.

“दादा नाही आले?”

“बरं नाहीये त्याला,” ताई म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. तो म्हणाला, त्या कोपऱ्यातल्या चढायच्या वाटेवर आम्ही अडलोय, त्यांनाच विचारायचं होतं. बरे झाले की घेऊन या.

“डावा पाय आधी घे,” ताई म्हणाली. “उजवीकडे वर भेग आहे, बोटं जातील एवढी. खालून दिसते, जवळून नाही.”

तो चढला. ती सांगत गेली, तो हात टाकत गेला आणि माथ्यावर पोचला. खाली येऊन त्यानं तिचे मनापासून आभार मानले.

परत येताना फाट्यावर बसची वाट बघत आम्ही एका दगडावर बसलो. ती बोलू लागली.

“शेवटी म्हणाला होता, ताई, एकदा नेऊन आण. चढणार नाही, नुसता बघतो. मी म्हटलं, बरा झालास की जाऊ. होणार नाही ते दोघांनाही ठाऊक होतं गं.”

एवढा प्रवास त्याला सोसला नसता, असं मी म्हणाले.

“नसताच सोसला. पण कातळ बघितला तर असता.”

बस येईपर्यंत ती कपड्यांना चिकटलेली कुसळं एकेक करून वेचत राहिली.