धक्क्याचं स्वीडिश

कॉफीचा कप ओठांपाशी पोचता पोचता थांबावा, यासारखं देखणं दृश्य मी दुसरं पाहिलेलं नाही.

कप होता माझ्या स्वीडिश जावयाच्या आईचा, म्हणजे आमच्या विहीणबाईंचा. त्यांना मी घराण्याची खास गोष्ट सांगत होतो. तात्याकाका नदीत बुडाले असं समजून तेराव्याचं जेवण घातलं, तर तेच दारात उभे. मी इंग्रजीत म्हणालो, सगळे शॉक झाले. जावयाने त्याचं स्वीडिश केलं. बाईंनी मान डोलावून घोट घेतला. मी ‘स्टन्ड’ दिलं, ‘थंडरस्ट्रक’ दिलं. त्याचे शब्द बदलत गेले, घोट चालूच राहिले.

“पुरे हो आता,” बायको पुटपुटली, “तुमचीही कॉफी निवतेय.”

चाळीस वर्षं गाजवलेली गोष्ट परमुलखात पडणार होती. शेवटी विशेषणं सोडली आणि घडलं तेवढंच सांगितलं. काका पंगतीच्या टोकाला बसले, पान पुढे ओढलं आणि शेजाऱ्याला विचारलं, “कोण गेलं?”

जावयाने तेवढंच सांगितलं आणि कप थांबला. इतकी वर्षं मीच लोकांच्या वतीने दचकत आलो होतो. त्यांना दचकायला जागाच ठेवली नव्हती.

बाईंनी कप खाली ठेवून विचारलं, “मग ते जेवले का?”

चाळीस वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मी आधी बायकोकडे पाहून घेतलं. मग म्हणालो, “दोनदा वाढून घेतलं.”