कोरा राहिलेला अपेंडिक्स

"मॅडम, सोमवारी जबडा काढायचाय. रिपोर्टवर सही करा." लॅबचे प्रमुख माझ्या टेबलाशी उभे होते.

"नाही करणार."

जबडा सदाशिव पेठेत गणिताचे क्लास घेणाऱ्या एका सरांचा होता. हिरडीवर गाठ. सर्जनच्या मते तोंडाचा नेहमीचाच कॅन्सर. मी पॅथॉलॉजिस्ट; गाठीचा तुकडा मायक्रोस्कोपखाली पाहिला, तर पेशी बारीक, गडद, दाटीवाटीने बसलेल्या. मला न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या, कॅन्सरचा संशय होता. तोंडात तो फार क्वचित होतो आणि त्यात बहुधा आधी किमो देतात. अर्धा जबडा गेल्यावर हे कळलं, तर सर शिकवणार कसे?

या पेशींत ठरावीक प्रथिनं असतात. आम्ही त्यांना मार्कर म्हणतो. प्रथिन असेल तिथे स्लाइडवर तपकिरी रंग चढतो. आमच्या स्लाइडवर तो नव्हता.

"मार्कर निगेटिव्ह. विषय संपला," प्रमुख म्हणाले.

"कंट्रोल बघितलंत?"

कंट्रोल म्हणजे त्याच स्लाइडवर शेजारी ठेवलेला अपेंडिक्सचा तुकडा. त्यात ही प्रथिनं असतातच, म्हणून तो तपकिरी व्हायलाच हवा. तोही कोरा! म्हणजे तपासणी झालीच नव्हती. माझं डोकंच फिरलं.

"अहो, पण सर्जनना काय सांगू?"

"माझा नंबर द्या."

तुकडा टिकावा म्हणून तो फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, त्यामुळे प्रथिनं झाकली जातात. ती उघडी पडावीत म्हणून स्लाइड आधी प्रेशर कुकरमध्ये तापवतात. हसू नका, आमच्याकडे घरातलाच कुकर आहे. टेक्निशियन शिंदेताईंना विचारलं, "शिट्टी होते का?"

"कालपासून नाही. बाजूने वाफ जाते. पण वेळ पूर्ण देते मी."

"अशा कुकरातली डाळ घरी वाढाल?"

"छे, कच्ची राहील!" म्हणाल्या आणि जीभ चावली.

मंडईजवळून मीच नवं गॅस्केट आणलं. तेवढ्यात सर्जनचा फोन. ते ओरडले, मीही ओरडले. "ऑपरेशनची तारीख पुन्हा मिळेल, जबडा नाही मिळणार!"

दुसऱ्या दिवशी अपेंडिक्स तपकिरी झाला. गाठीचा तुकडाही तपकिरी झाला; माझा संशय खरा होता. शिट्टी बंद झाल्यापासूनच्या सगळ्या स्लाइड्स पुन्हा करायला लावल्या.

ऑपरेशन रद्द झालं. किमो, मग रेडिएशन. गाठ विरली. पुढे काय होईल ते कुणी सांगू शकत नाही, पण सर आज फळ्यापुढे उभे राहून स्वच्छ बोलतात.

रिपोर्टला उशीर केल्याबद्दल मला मेमो मिळाला. उत्तर अजून दिलेलं नाही, देणारही नाही. निगेटिव्ह स्लाइड समोर आली की मी आधी कंट्रोल बघते, मग सही मागणाऱ्याकडे.